सतार की गिटार?

प्रश्न : ‘द बर्ड्स’ या अमेरिकी बँडच्या ‘फिफ्थ डायमेन्शन’ या अल्बममध्ये सतार आहे, असे आमच्या दशावतारी मंडळातील पेटीवाले म्हणतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही, मात्र त्यांच्या कानाला दाद द्यायला हवी. १९६६ च्या या अल्बममधील ‘एट माइल्स हाय’ या गाण्यात बँडचे गिटारवादक रॉजर मॅग्विन यांची रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार वाजते, जिच्या तारा जोडीजोडीने लावलेल्या असून चार जोड्यांत सप्तकाचे अंतर असल्याने झंकार उमटतो. १९६५ च्या दौऱ्यात बँडने पंडित रविशंकर व जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांच्या ध्वनिमुद्रणांची पारायणे केली होती, आणि कोलट्रेन यांच्या ‘इंडिया’ या रचनेतील सुरावट येथे उघडच डोकावते. उरलेला अल्बम मात्र कमी-अधिक ताकदीचा आहे; तो पूर्ण होण्यापूर्वीच गीतकार जीन क्लार्क बाहेर पडले होते.