जाऊबाईंना जमतं, मग मला का नाही?

प्रश्न : माझं वय ४३. माझ्या जाऊबाई गेली काही वर्षं नेमाने धावतात; रविवारी तर वीस-वीस किलोमीटर. पहाटे त्यांना कुणी उठवावं लागत नाही. मीही अनेकदा सुरुवात केली. चांगले बूट घेतले, मोबाइलमध्ये अ‍ॅप घेतलं, महिनाभर उत्साहाने पळाले, की काहीतरी दुखायला लागतं आणि सगळं बंद पडतं. धावताना मस्त वाटतं म्हणतात, मला नुसती धाप लागते. ही आवड उपजतच असावी लागते का? की माझ्यात चिकाटीच नाही?

उत्तर : ताई, चिकाटीचा निकाल इतक्यात लावू नका. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : ‘महिनाभर उत्साहाने पळाले’. मी बरीच वर्षं नवख्या मंडळींच्या गटाबरोबर धावते. मध्येच सोडून जाणारे बहुतेक जण याच टप्प्यावर सोडतात, आणि त्यांत आळशी माणसं फार कमी असतात. भरपूर उत्साहाने आलेलीच जास्त असतात.

याचं कारण आपल्या शरीरात आहे. धावायला लागलं की दम काही आठवड्यांतच सुधारतो. रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, स्नायूही लवकर सरावतात. पण पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा आणि नडगीचं हाड यांना तेवढं बळकट व्हायला महिनेच्या महिने लागतात. म्हणजे दम म्हणतो ‘चल, आणखी एक किलोमीटर’ आणि नडगी अजून पहिल्याच किलोमीटरशी झगडत असते. महिना-दीड महिन्यात नडगीच्या आतल्या कडेला ठसठस सुरू होते. माणूस घरी बसतो आणि मनाशी म्हणतो, आपल्याला हे जमणारं नाही. खरं तर त्याचं सगळं ठीक चाललेलं असतं, फक्त वेग जास्त असतो.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला : हळू धावा. किती हळू? शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग कमी करा. तरीही तुटत असेल तर चाला, श्वास जागेवर आला की पुन्हा धावा. चालण्यात कमीपणा मानणारे लोक फार दिवस टिकत नाहीत, असं मी पाहत आले आहे. नवख्यांसाठी जगभर वापरला जाणारा ‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम १९९६ साली तयार झाला. त्याच्या पहिल्या आठवड्यात एका वेळी फक्त ६० सेकंद धावायचं आणि ९० सेकंद चालायचं असतं. आठवड्यातून तीनदा, मध्ये विश्रांतीचे दिवस. ‘एवढंच?’ असं वाटेल, पण तेवढंच करायचं.

हौस म्हणून धावण्याची जी लाट जगभर पसरली, तिच्या मुळाशीही हाच हळूपणा आहे, आणि सोबत आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड हे प्रशिक्षक ऑलिंपिक विजेते घडवत होतेच, पण त्याच सुमारास त्यांनी पोट सुटलेल्या, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मध्यमवयीन माणसांनाही गप्पा मारत धावायला लावलं. १९६२च्या अखेरीला अमेरिकेतले नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांच्याकडे गेले. त्या वेळी ते पन्नाशीचे होते. एका सकाळी ते या मंडळींबरोबर धावायला निघाले आणि सत्तरी ओलांडलेले, हृदयविकार असलेले एक आजोबाही त्यांच्या पुढे निघून गेले. बॉवरमन मायदेशी परतले ते हे वेड घेऊनच आणि गावकऱ्यांसाठी त्यांनी जॉगिंगचे वर्ग सुरू केले. मला ही हकीकत फार आवडते. या छंदाचे पहिले पाईक ना तरुण होते, ना वेगवान.

उपजत आवडीचं म्हणाल, तर एमिल झाटोपेकचं उदाहरण घ्या. १९४१ साली हा १८ वर्षांचा मुलगा चेक प्रदेशातल्या झ्लीन गावी बुटांच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्याच्या शर्यतीत त्याला धावायला सांगितलं, तर त्याने तब्येत बरी नसल्याचं कारण दिलं. डॉक्टरांनी तपासून धडधाकट ठरवलं, म्हणून नाइलाजाने धावला आणि शंभरेक जणांत दुसरा आला. गोडी लागली ती त्यानंतर. पुढे १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकली. ती त्याच्या आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन होती. त्याची ताकद सगळ्यांपाशी नसते, पण आवड मागाहून येते हे मात्र सर्रास दिसतं.

त्या ‘मस्त वाटण्या’बद्दलही सांगते. शरीर स्वतःच तयार करतं अशी एंडोकॅनाबिनॉइड नावाची द्रव्यं मध्यम वेगाने बराच वेळ धावल्यावर रक्तात वाढतात, असं अभ्यासांत आढळलं आहे. पहिल्या दोन किलोमीटरमध्येच धापा टाकत थांबलात तर ती वेळ यायची कशी? पहिले काही महिने या सुखाची वाट पाहू नका. घरी परतल्यावर कसं वाटतं, रात्री झोप कशी लागते, तिकडे लक्ष द्या.

आणि एकट्या जाऊ नका. आमच्या गटात एक बाई आहेत. धावणं आवडत नाही, असं त्या सुरुवातीला स्पष्ट सांगत. पण त्यांची जोडीदारीण पहाटे कोपऱ्यावर येऊन उभी राहायची, तिला ताटकळत ठेवणं जिवावर यायचं, म्हणून त्या येत राहिल्या. घरातलं, नोकरीतलं सगळं बोलणं त्या वाटेवर व्हायचं. ज्या दिवशी जोडीदारीण परगावी होती आणि या एकट्याच आल्या, त्या दिवशी मी ओळखलं, आता या सोडणार नाहीत. आज त्या हाफ मॅरेथॉन धावतात.

एखादा दिवस चुकला तर मनाला लावून घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी सवय कशी लागते याचा अभ्यास केला, तो २०१०मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असं दिसलं. मध्ये एखादा दिवस गेल्याने काही बिघडलं नाही.

शर्यतीचं नाव नोंदवायची घाई मी कुणाला करायला लावत नाही. शर्यतीने हुरूप येतो हे खरं. पण पदक गळ्यात पडलं आणि बूट कपाटात गेले, असंही खूप वेळा होतं. कोण टिकणार हे मला शर्यतीनंतरच्या आठवड्यात कळतं, जेव्हा पुढे कुठलीच तारीख नसते.

तुमच्या घरात तर आयतीच सोबत आहे. जाऊबाई आठवड्यातून एखादा दिवस मुद्दाम हळू धावत असणार. रविवारच्या लाँग रननंतर पाय मोकळे करायला अनुभवी धावपटू तसं करतातच. त्या दिवशी त्यांच्याबरोबर जा. त्या किती हळू धावतात ते पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

प्रश्न : माझा २६ वर्षांचा मुलगा मॅरेथॉनची तयारी करतोय. नडगी दुखते तरी धावतो. एक दिवस चुकला तर घरात कुणाशी बोलत नाही. याचं कौतुक करू की काळजी?

उत्तर : काका, सध्या काळजी करा, आणि ती त्याला सांगा. दुखणं नेमकं बोट ठेवता येईल इतक्या एकाच जागी असेल, त्या पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्या-पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. त्यावर धावत राहिलं तर हाड पूर्ण मोडू शकतं. त्याने धावणं आजच थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. पहिल्या दिवसांत साध्या एक्स-रेमध्ये अशी चीर पुष्कळदा दिसत नाही, तेव्हा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच पळायला लागू नये.

त्याला विश्रांतीचा दिवस कोणता, तेही विचारा. ४२.१९५ किलोमीटर धावणारे अव्वल खेळाडूसुद्धा शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणतात. न धावणंही तयारीच्या वेळापत्रकात लिहिलेलं असतं. डॉक्टरांनी काही आठवडे बंदी घातली, तर त्या काळात पोहणं किंवा सायकल चालेल का, हे त्यांनाच विचारायला सांगा. दम बऱ्यापैकी टिकतो आणि मुलाची घुसमटही कमी होईल.