मूल धडा घडाघडा वाचते, पण अर्थ सांगता येत नाही. चौथी ते सहावीसाठी कोणती उद्दिष्टे ठेवावीत?

आपली मुलगी पाचवीत, मराठी माध्यमात आहे. ती धडा न अडखळता वाचते, पण स्वाध्यायातील प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत देऊ शकत नाही, असे आपण लिहिले आहे. प्राथमिक वर्गांना भाषा शिकवताना ही अडचण मी सतत पाहतो. मराठीचे लेखन बरेचसे उच्चाराप्रमाणे असल्यामुळे, बाराखडी आणि जोडाक्षरे पक्की झालेले मूल अजिबात न कळलेला शब्दही बिनचूक वाचते आणि ऐकणाऱ्याला सारे ठीक आहे असे वाटत राहते. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर वयानुरूप अपरिचित मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द या गतीने वाचता यावा, असे लक्ष्य आहे. पायाभूत टप्प्यासाठी ते योग्यच आहे, परंतु चौथीपासून पुढे केवळ वेग वाढवत नेण्यात फारसा अर्थ नाही.

उद्दिष्टे ठरवण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. तिने न वाचलेला एक उतारा आपण तिला वाचून दाखवा आणि त्यावर तोंडी प्रश्न विचारा. ऐकून उत्तरे नीट आली, तर तिची सारी शक्ती अक्षरे उलगडण्यात खर्च होते आहे असे समजावे. ऐकूनही उत्तरे आली नाहीत, तर उणीव शब्दसंपत्तीत किंवा त्या विषयाच्या पूर्वज्ञानात आहे, आणि मग केवळ अधिक प्रकटवाचन करून घेतल्याने ती भरून निघणार नाही.

आकलनाचे मुख्य उद्दिष्ट मी असे ठेवतो: मजकुरात थेट न लिहिलेली गोष्ट मुलाने ओळखावी आणि ती कोणत्या शब्दांवरून ओळखली, तेही दाखवावे. उदाहरणार्थ, ‘पाऊस लांबला होता. सखारामने बियाण्याची पोती पुन्हा कोठीत नेऊन ठेवली.’ ही दोन वाक्ये घ्या. सखारामने काय केले, हे बहुतेक मुले सांगतात. का केले, हे विचारले की शहरातली अनेक मुले ‘पाऊस खूप वेळ पडला म्हणून’ असे उत्तर देतात, कारण पाऊस लांबणे म्हणजे तो वेळेवर न येणे, हा अर्थ त्यांच्या कानांवरून गेलेला नसतो. ‘पुन्हा’ या एका शब्दावरून पोती आधी पेरणीसाठी बाहेर काढली होती, हे ज्या मुलाला सांगता येते, त्याचे आकलन पाचवीच्या मानाने उत्तम आहे असे मी मानतो. रोज अशा दोन-तीन वाक्यांवर बोलणे हे पानभर प्रश्नोत्तरे लिहून घेण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

शब्दांच्या बाबतीत निवड महत्त्वाची आहे. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात ‘बाष्पीभवन’ समजावून दिलेले असते. पण ‘परिणामी’, ‘प्रमाण’, ‘अवलंबून’, ‘साधारणतः’, ‘त्याउलट’, ‘अन्यथा’ हे शब्द मुलाला येतात असे गृहीत धरलेले असते, आणि नेमके तेच प्रत्येक विषयात पुन्हा पुन्हा भेटतात. आठवड्याला असे पाच-सहा शब्द पुरेत. शब्द आला असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा मूल तो आपल्या अनुभवातल्या वाक्यात आपणहून वापरते. त्याच्या जोडीला शब्दांची कुळे दाखवावीत: अवलंबून, परावलंबी, स्वावलंबन, किंवा गैरसोय, गैरसमज, गैरहजर. एक शब्द कळला की त्याच्या कुळातल्या इतर शब्दांचा अंदाज बांधता येतो.

शब्दकोश पाहण्याचे उद्दिष्टही याच वयात ठेवावे. केवळ वर्णानुक्रम येऊन मराठीत भागत नाही. ‘विहिरीजवळच्या’ हा शब्द कोशात सापडणार नाही, त्यासाठी मुलाला त्यातून ‘विहीर’ वेगळी काढता आली पाहिजे. सामान्यरूपाचे व्याकरण मुलांना येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, पण वर्गात या दोहोंची सांगड क्वचितच घातली जाते, याचे मला वाईट वाटते.

इयत्तेनुसार सांगायचे तर चौथीत घटनांचा क्रम आणि कारण सांगता यावे, पाचवीत अनुमान पुराव्यासह मांडता यावे, आणि सहावीत एकाच विषयावरील दोन मजकुरांची तुलना करून सारांश लिहिता यावा, एवढे पुरे.

शिष्यवृत्ती परीक्षेचे सरावसंच वापरण्यास हरकत नाही, मात्र पर्याय झाकून आधी उत्तर तोंडी घ्यावे, म्हणजे अंदाजाने खूण करण्याची सवय लागत नाही. वाचनासाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक चांगले आहे. ते 1971 पासून निघते आणि त्यात गोष्टींबरोबर माहितीपर लेखही असतात. दोन-तीन महिन्यांनी त्यातील तिने न पाहिलेला एखादा माहितीपर लेख तिला मनात वाचायला द्या, पुस्तक मिटवून काय कळले ते विचारा, आणि मग पुस्तक उघडून तिच्या प्रत्येक विधानाचा आधार तिलाच शोधू द्या.