गोव्यात शांत पाण्यावर छोट्या होडीतून पक्षी आणि झाडं पाहायची आहेत. एखादं तळं सुचवाल का? कधी जावं?

तुम्ही तळं विचारलंत, म्हणून आधी तळ्यांचं सांगतो. मयेच्या तळ्यात होडी मिळते, भोवती डोंगर आहेत, पण सुट्टीच्या दिवशी माणसांचाच गलका जास्त. करमळीचं तळं थंडीत पक्ष्यांनी भरून जातं. अडई बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, पानांवरून चालत जाणारे कमळपक्षी, सगळे दिसतात. पण ते काठावर बसून दुर्बिणीतून पाहायचं तळं आहे. होडी आत घातली की थवाच्या थवा उठतो, आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या बदकांना आपण उगाच दमवतो. तिथे होडी नकोच.

होडीतूनच पाहायचं तर मांडवी नदीतलं चोडण बेट. रायबंदरहून फेरीबोट धरा. पलीकडे उतरलात की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जवळच आहे. सगळं मिळून 2 चौरस किलोमीटरसुद्धा नाही, पण खारफुटीत शिरणारे चिंचोळे ओहळ असे आहेत की वल्हं उचललं की फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज येतो. वनखात्याची परवानगी काढा आणि होडीवाला गावातलाच घ्या.

खरी गोम भरतीत आहे. ओहोटीला ओहळात होडी शिरत नाही, आणि भर भरतीला चिखल पाण्याखाली असल्यामुळे चिखलात चरणारे तुतारी (सँडपायपर) वगैरे पक्षी दिसत नाहीत. म्हणून भरती भरत आली की आत शिरायचं, एका वळणावर होडी थांबवायची आणि पाणी उतरायची वाट बघायची. मी इथे बरीच वर्षं जातो, आणि जे काही चांगलं पाहिलं ते या थांबण्यातच. एकदा तासभर हललो नाही. चिखल उघडा पडत गेला, आधी निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, मुळांवर चढून बसल्या, मग एकच नांगी मोठी असलेले खेकडे बिळांतून बाहेर आले, त्यांच्यामागे बगळे. आणि शेवटी पाणमांजरांची जोडी, होडीपासून दहा-बारा हातांवर. वल्हवत राहिलो असतो तर यातलं काहीच दिसलं नसतं. मात्र होडीवाला निघू म्हणाला की निघायचं, नाहीतर पुढच्या भरतीपर्यंत चिखलात अडकाल.

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारच्या आसपास येते. अष्टमी ते दशमीच्या सुमारास ती उजाडताना पडते. ती भांगाची, म्हणजे पाणी कमी चढतं, पण पक्ष्यांसाठी वेळ तीच उत्तम. जायच्या आधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक पाहाच.

झाडांकडेही डोळे असू द्या. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात. त्याचं पान जिभेला लावून पाहा, खारट लागतं, कारण नको असलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब हिरव्या शेंगेसारखं लोंबतं. ओहोटीला खाली पडलं तर सरळ चिखलात रुततं. पण गेव्याची फांदी धरू नका. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो.

मगरींचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आणि थंडीत त्या चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसतात. आमच्याकडे त्यांना माणगे म्हणतात. फोंडा तालुक्यात खाजनालगतच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या शेतजमिनीलगतच्या, काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, बांध राखावेत म्हणून. तेव्हा घाबरून बेत रद्द करू नका, फक्त हात पाण्यात सोडून बसू नका आणि फोटोसाठी होडी जवळ न्यायला सांगू नका.

कपडे मातकट रंगाचे घाला, मोबाइलचा आवाज बंद ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कधीही या. तारीख ठरली की इथेच लिहा, त्या दिवशीची तिथी बघून किती वाजता निघायचं ते सांगतो.