उत्तर : प्लान्टच्या आधी गोठे मोजा

दादा, तुमची पोस्ट वाचली. आठ हजार वस्तीचं गाव, सगळी गटारं ओढ्यात, ओढा पंचगंगेत, आणि कंपनीचा माणूस सांडपाणी शुद्ध करायचा ब्लोअरवाला (यंत्रानं पाण्यात हवा मारणारा) प्लान्ट गळ्यात मारतोय. घ्यावा का, असं विचारलंय. आमच्या गावात हेच झालं होतं, म्हणून लिहितोय. मी इंजिनिअर नाही, पंचायतीत सांडपाण्याचं काम बघितलं तेवढंच. आकडे जाणकाराकडून तपासून घ्या.

जाळी, ग्रिट चेंबर (वाळू-खडे खाली बसायचा हौद), टाकी हे त्या माणसानं सांगितलंच असेल. मी फक्त गोठ्यांवर बोलतो.

आराखड्यात हिशेब सोपा असतो. माणशी ५५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, गुणिले लोकसंख्या. तुमच्या गावाचं साडेतीन लाख लिटर निघेल. पण ह्यात म्हैस कुठाय? आपल्याकडं दाराला दोन जनावरं. सकाळी डेअरीला दूध घातलं की गोठा धुवायचा, शेण-मूत सगळं गटारात. माणसाचा भार दिवसाला ४५-५० ग्रॅम बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) धरतात; जनावराचा त्याच्या कितीतरी पट.

हे आम्ही मंजुरीच्या वेळीच बोललो होतो. ज्या कार्यालयात फाईल होती, तिथले साहेब म्हणाले, "प्रपत्रात जनावरांचा रकाना नाही." आम्ही जनावरांची यादी जोडली, तर फाईल परत. शेरा काय, तर "विहित नमुन्यात सादर करावे". यादी काढली आणि मंजुरी मिळाली! नाव लिहीत नाही, पण अजून संताप येतो. माणसं वाईट नव्हती, चहासुद्धा पाजला. रकाना मात्र कुणी वाढवला नाही.

मग काय, प्लान्ट सुरू झाला आणि सकाळी आठलाच जाळी तुंबायची. वैरणीच्या काड्या, चघळलेलं वाढं, त्यावर शेणाचा थर. खराट्यानं ओढून काढायचं, तासात परत तेच. पुढच्या टाकीत तर सायीसारखा जाड थर धरला. त्यात रात्री लाईट गेली की ब्लोअर बंद, हवेवाचून जिवाणू मरायला लागले आणि वास सुटला. वीजबिल वेगळंच. ठेकेदार म्हणाला, "तुमचं पाणीच खराब." अरे, चांगलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या. आधी शेण गटारात येणं थांबवा. उकिरडा किंवा गोबरगॅस, आणि गोठ्याच्या तोंडाला जाळीचा छोटा खड्डा. ह्यावर गावात भांडणं होतात, निवडणुकीच्या वर्षात तर हात घालूच नका. जागा असेल तर ब्लोअरपेक्षा स्थिरीकरण तळी (सांडपाणी उघड्यावर साठवून आपोआप साफ होऊ देणारी) बरी, वीज लागत नाही. जागा जास्त लागते आणि डासांकडं बघावं लागतं, हे खरंय. शोषखड्डे काळ्या रानात चालत नाहीत, कुणी काही सांगू दे.

जागा बघताना पूररेषा बघा. ओढ्याकाठी उतारानं पाणी आपोआप येतं म्हणून सगळे तिथंच बोट दाखवतात. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्यांना विचारा, कागदापेक्षा ते बरं सांगतात.

प्रवाह स्वतः मोजा. पाईपच्या तोंडाला बादली आणि मोबाईलचं घड्याळ पुरतं. पहाटे, सकाळी आठला आणि दुपारी, तिन्ही वेळा. ठेकेदार दुपारचा नमुना नेतात, तेव्हा पाणी पातळ असतं. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. बीओडीला तीन दिवस लागतात, लगेच रिपोर्ट देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (ठराविक कामांनाच वापरायच्या) निधीबद्दल विचारलंय, ते ग्रामसेवकाला विचारा, नियम बदलत असतात. कंपनीवाल्याला मात्र एकच प्रश्न लेखी विचारा : प्लान्टमध्ये साठणारा गाळ कोण उचलणार, कुठं टाकणार आणि पाच वर्षांनी त्याचे पैसे कोण भरणार? उत्तर आलं तर इथं टाका, मलाही वाचायचंय.