फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या 'मार्चिंग १००' बँडचा एवढा मान का?

मुख्य कारण विल्यम फॉस्टर. १९४६ ते १९९८ हा बँड त्यांच्याच हाताखाली होता. वर्णभेदाच्या काळात, कृष्णवर्णीयांसाठीच्या या विद्यापीठात त्यांनी लष्करी कवायतीला नाचाची जोड दिली. गुडघे उंच उचलत चालायचं, वाजवता वाजवता नाचायचं, आणि सूर ढळू द्यायचा नाही! (करून बघा, दम लागतो.) १९८९मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दी संचलनात, पॅरिसमध्ये, अमेरिकेतर्फे हाच बँड वाजला.

मात्र गौरव करताना २०११ झाकू नये. बँडमधल्याच मुलांच्या रॅगिंगमध्ये एका ड्रम मेजरचा (संचलनात बँडच्या पुढे राहून त्याला दिशा देणाऱ्याचा) जीव गेला, आणि बँड २०१३पर्यंत बंद राहिला. आणि गौरव करायचाच, तर माझ्या मते पुतळ्यांपेक्षा वाद्यं आणि शिष्यवृत्त्यांसाठी पैसे द्यावेत. सुझाफोन (अंगाभोवती घालून वाजवायचं भलंमोठं पितळी वाद्य) काही कोणी घरून आणत नाही.