वाचकांचे प्रश्न : नटनट्यांच्या गोष्टी आणि इंग्रजी शब्द

प्रश्न : शब्दकोशातून रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करते, पण आठवड्याने त्यांतले दोनही आठवत नाहीत. दूरचित्रवाणीवरील कलाकारांविषयीचा इंग्रजी मजकूर मात्र आवडीने वाचते. त्यातून शब्दसंग्रह वाढेल का, की हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे?

उत्तर : वाढेल. यादीतल्या शब्दाला धरून ठेवायला स्मरणात काहीच नसते, तर गोष्टीतला शब्द कोणाच्या तरी आयुष्यातल्या प्रसंगाला चिकटलेला असतो. ‘टाइपकास्ट’ हाच शब्द पाहा. लेनर्ड निमॉय या अमेरिकी नटाने १९६६ ते १९६९ या काळात ‘स्टार ट्रेक’ या मालिकेत टोकदार कानांच्या, भावनांवर ताबा ठेवणाऱ्या स्पॉकची भूमिका केली आणि ती इतकी गाजली की लोक त्यांना स्पॉक म्हणूनच ओळखू लागले. १९७५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव ‘आय ॲम नॉट स्पॉक’. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, दुसरे लिहिले आणि त्याचे नाव ठेवले ‘आय ॲम स्पॉक’. त्या गळालेल्या एका ‘नॉट’मध्ये ‘टाइपकास्ट’ होण्याचा सगळा त्रास आणि पुढे त्याच्याशी झालेली तडजोड सामावली आहे. हा प्रसंग ज्याने वाचला, त्याला त्या शब्दाचा अर्थ वेगळा पाठ करावा लागणार नाही.

मात्र तेवढ्यावर थांबू नये. शब्द चित्रीकरणाच्या जागेतून बाहेर काढून रोजच्या व्यवहारात फिरवून आणावा. ‘कास्ट’चा मूळ अर्थ टाकणे, फेकणे. म्हणून मत देणे हे ‘कास्ट अ व्होट’, सावली पडणे हे ‘कास्ट अ शॅडो’, साच्यात ओतलेले लोखंड ते ‘कास्ट आयर्न’ आणि मोडलेल्या हाताला घालतात ते ‘प्लास्टर कास्ट’. ‘टाइपकास्ट’ झालेला नटही मराठीत ‘साच्यात अडकलेला’च असतो, हे लक्षात आले की शब्द आपलासा होतो. (जात या अर्थाचा ‘कास्ट’ मराठीत लिहिताना अगदी तसाच दिसत असला, तरी इंग्रजीत त्याच्या शेवटी एक ‘ई’ अधिक असतो. ही चूक छापील मजकुरातही आढळते.)

प्रश्न : वाचताना अर्थ कळतो, परंतु स्वतः वाक्य रचताना गाडी अडते. ‘त्याने डॉक्टरची भूमिका केली’ हे साधे वाक्यही इंग्रजीत अवघडल्यासारखे होते. काय करावे?

उत्तर : सुटा शब्द न टिपता त्याच्या सोबत्यांसह टिपावा. या वाक्याला इंग्रजीत ‘ही प्लेड अ डॉक्टर’ एवढे पुरते; तेथे ‘भूमिका’ या शब्दाची गरजच पडत नाही. नट भूमिकेसाठी ‘ऑडिशन’ देतो तेव्हा क्रियापदानंतर ‘फॉर’ येतो, मालिकेत प्रमुख काम करतो तेव्हा ‘स्टार’नंतर ‘इन’ येतो. भूमिका मिळाली की ती ‘लँड’ केली असे म्हणतात आणि नाकारली की ‘टर्न डाउन’ केली. ही क्रियापदे नोकरीलाही जशीच्या तशी लागू पडतात, हा त्यांचा मोठा गुण.

या दृष्टीने अमेरिकी नट केल्सी ग्रामर यांची कारकीर्द वाचण्याजोगी आहे. ‘चीअर्स’ या मालिकेत १९८४ मध्ये ते फ्रेजर क्रेन नावाचे मनोविकारतज्ज्ञ म्हणून आले. या पात्राभोवती १९९३ मध्ये ‘फ्रेजर’ ही स्वतंत्र मालिका निघाली, म्हणजे ‘स्पिन-ऑफ’ झाला, आणि २०२३ मध्ये त्यांनी तीच भूमिका पुन्हा केली, म्हणजे ‘रिप्रीझ’ केली. संगीतात आधी आलेला भाग पुन्हा वाजवतात, त्यालाही हाच शब्द आहे. ‘ग्रॅमर’चे स्पेलिंग मात्र या गृहस्थांच्या आडनावावरून शिकू नये, त्यांच्या आडनावात शेवटच्या ‘आर’आधी ‘ई’ आहे, व्याकरणात ‘ए’.

प्रश्न : शब्दकोशात दोन शब्दांना एकच अर्थ दिलेला असतो. त्यांतला कोणता वापरावा हे कसे ओळखायचे?

उत्तर : तो कोणासमोर उच्चारला गेला आणि कोणासमोर टाळला गेला, यावरून. शब्दकोशाला हे थोडक्यात सांगणे कठीण जाते, गोष्ट मात्र सहज सांगते. ल्युसिल बॉल ही अभिनेत्री ‘आय लव्ह ल्युसी’ या मालिकेचे काम चालू असताना गरोदर होती आणि कथानकातही तसेच दाखवायचे ठरले. परंतु त्या काळच्या अमेरिकी दूरचित्रवाणीला ‘प्रेग्नंट’ हा शब्द उघडा वाटत असे. म्हणून पात्रांच्या तोंडी ‘एक्स्पेक्टिंग’ हा सोज्ज्वळ पर्याय घातला गेला आणि १९५२ मधल्या त्या भागाच्या नावात तर त्याच अर्थाचा फ्रेंच शब्द योजला गेला. १९ जानेवारी १९५३ रोजी पडद्यावरील ल्युसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी ल्युसिल बॉललाही मुलगाच झाला. आपल्याकडेही ‘गरोदर’ न म्हणता ‘दिवस गेले आहेत’ म्हणतातच, त्यामुळे हा भेद मराठी वाचकाला परका वाटू नये. आज ‘प्रेग्नंट’ सर्वत्र चालतो, ‘एक्स्पेक्टिंग’ जरा अदबीचा वाटतो.

प्रश्न : मजकूर आपल्या पातळीचा आहे की नाही, हे कसे ठरवावे?

उत्तर : कोणाच्याही मदतीशिवाय नीट समजण्यासाठी मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत, असे शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. शंभर शब्द मोजून घ्यावेत. दोनतीन अडले तर खुशाल वाचावे, दहा अडले तर तो लेख काही महिन्यांनी काढावा. छायाचित्राखालच्या चटपटीत ओळींपेक्षा एकाच कलाकारावरचा मोठा लेख निवडावा, कारण त्यात तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. पहिल्या परिच्छेदात अडलेला शब्द चौथ्यात आला की शब्दकोश उघडण्यापूर्वी एकदा अंदाज बांधून पाहावा.