पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींचे शास्त्र) इतकी विचित्र आहे, तर शास्त्रज्ञ तिच्यावर विश्वास का ठेवतात?

तिची भाकिते प्रयोगांशी विलक्षण अचूकतेने जुळतात म्हणून, आणि याचा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे इलेक्ट्रॉनचे चुंबकीय परिबल, म्हणजे तो किती प्रबळ चुंबकासारखा वागतो याचे माप. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांच्या 1928 च्या इलेक्ट्रॉनविषयक समीकरणानुसार योग्य एककात ते नेमके 1 यायला हवे होते. परंतु 1947 मध्ये कुश आणि फोली यांना प्रयोगात ते किंचित जास्त आढळले, आणि पुढच्याच वर्षी श्विंगर यांनी, इलेक्ट्रॉन स्वतःच्याच विद्युतचुंबकीय क्षेत्राशी सतत आंतरक्रिया करतो असे धरून, ही वाढ सुमारे 0.00116 असल्याचे गणिताने दाखवले. ज्यांना प्रत्यक्ष पाहताच येत नाही अशा ‘आभासी’ फोटॉनांवर (प्रकाशकणांवर), ज्यांच्यामार्फत ही आंतरक्रिया होते, हे गणित उभे आहे, म्हणूनच ते ऐकायला चमत्कारिक वाटते. तरीही 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले मापन 1.00115965218059 असे आहे, आणि आजचे सैद्धान्तिक मूल्य त्यापासून साधारण एक लाख कोटीत एक भाग एवढेच दूर आहे. निसर्गाविषयीच्या दुसऱ्या कोणत्याही सिद्धान्ताची इतकी कठोर परीक्षा क्वचितच झाली असेल! मात्र हे भाकीत पूर्णपणे स्वयंपूर्ण नाही: त्यासाठी सूक्ष्मरचना स्थिरांकाचे (विद्युतचुंबकीय आंतरक्रिया किती प्रबळ आहे हे सांगणाऱ्या संख्येचे) मूल्य वेगळ्या प्रयोगातून घ्यावे लागते, आणि सीझियम (बर्कली, 2018) व रुबिडियम (पॅरिस, 2020) या अणूंवरून मिळालेली मूल्ये परस्परांशी जुळत नाहीत, त्यामुळे शेवटच्या काही अंकांबाबतचा निर्णय अजून व्हायचा आहे.